पहिली घागर गल्लीची

सकाळी उठल्यापासून तुळशीला पाणी घालून होईपर्यंत मी बोलत नाही. हा नेम मला कुणी घालून दिलेला नाही. बंकट पोटात असताना मीच धरला, आणि पुढं सोडावासा वाटला नाही. अंघोळ, देवपूजा, नारायणगडाहून आणलेली माळ ओढायची, मग परसात जाऊन तांब्या रिता करायचा. तांब्या रिता झाला की पहिला शब्द. घरच्यांना सवय आहे. चावी कुठं, दुधाचं कॅन कुठं, असलं त्या वेळात मला कुणी विचारत नाही. गल्लीलाही माहीत आहे, पण गल्ली विसरते. गल्लीला बोलायची घाई असते.

आमचं गाव आष्टीच्या बाजूचं, सगळं कोरडवाहू. दुष्काळ आम्हाला नवा नाही, पण त्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून लोक वाटीनं पाणी भरायचे, तेही बंद झालं होतं. सरकारी टँकर येईल तेव्हा येई. गावच्या दूध संस्थेचे आमचे मालक चेअरमन. लोक त्यांना आश्रुबा चेअरमन म्हणतात, मी हे म्हणते. संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी काढली होती आणि गावातली सगळी जनावरं तिकडं बांधली होती. आमच्या गाई आणि म्हैसही तिकडंच. हे दिवसभर छावणीवर, कधी रात्रीही तिथंच पडायचे. त्यामुळं आमचं परस मोकळं झालं होतं. गोठा रिकामा, कडब्याची गंज होती तिथं नुसता काळा डाग. भिंतीच्या आत एवढी जागा रिकामी पाहायची मला सवय नव्हती. तुळशीकडं जाताना पाऊल उगीच हळू पडायचं.

एका सकाळी पूजेसाठी फुलं घ्यायला परसात गेले तर तिघं माणसं उभी. एकाजवळ तीन पायांवर ठेवलेली दुर्बीण, एकाच्या हातात लांब टेप, तिसऱ्याजवळ चुन्याचं घमेलं. मागचं दार यांनीच छावणीवर जाताना उघडून दिलं असणार. माणसं म्हणाली, राम राम काकू. मी हात जोडले. कोण, कुठले, कशासाठी, हे विचारायचं तर तोंड बंद. मी आत येऊन माळ घेऊन बसले, पण मन परसात. मध्येच मणी चुकला असं वाटलं म्हणून माळ पुन्हा पहिल्यापासून ओढली. तांब्या घेऊन बाहेर आले तोवर माणसं गेली होती.

जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा होत्या. चारी कोपऱ्यांना खुंट्या. आणि बरोबर मधोमध एक गोल, गोलात एक खुंटी.

चैत्रात शेजारच्या वस्तीवर अशीच दुर्बीण आली होती. असाच चुना टाकला होता, असाच गोल काढला होता, आणि मग बोअरची गाडी येऊन तिथं पाणी लागलं होतं. आम्ही सगळ्याजणी ते बघायला गेलो होतो. मग मला दुसरं काय वाटणार? रेघा कशाला, हे कळलं नाही. वाटलं, बोअरची गाडी मोठी असते, ती उभी करायला आखल्या असतील.

माझी आई म्हणायची, पाणी दाखवलेल्या जागेवर घरातलं पाणी शिंपडावं, म्हणजे खालच्या पाण्याला ओळख लागते. मी निम्मा तांब्या तुळशीला घातला आणि उरलेला घेऊन गोलापाशी गेले. थोडं थोडं घालत होते, तेवढ्यात भिंतीवरून छबुबाईचं डोकं वर आलं. छबुबाई आमची उजव्या हाताची शेजारीण. तिच्या दारात काही घडलं तर तिला उशिरा कळतं, आमच्या दारातलं आधी.

"काय वो साखराकाकू, पाणी लागलं का काय?"

तांब्यात अजून पाणी होतं, म्हणजे माझा नेम संपला नव्हता. थांब, तांब्या खाली होऊ दे, मग सांगते, अशा अर्थानं मी तांब्याचा हात खाली केला.

"खाली हाय? हितंच?" ती म्हणाली.

मी दुसरा हात हलवला. नाही, म्हणजे थांब. तिनं तो हात पाहिला आणि डोकं खाली घेतलं. मी घाईनं तांब्या उपडा केला, तोंड उघडलं, छबुबाई म्हणून हाक मारली, तोवर तिचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता.

दुपारी बायका आल्या. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात हळदीकुंकवाची वाटी. मी म्हणू शकले असते की मला काही माहीत नाही, यांनी मला सांगितलेलं नाही. तसं म्हणालेही. पण बायका म्हणाल्या, चेअरमन कुठलं काम सांगून करतात? तेही खरंच होतं. संस्थेची नवी इमारत बांधली ते मला कळलं, वास्तुशांतीला जेवणं किती करायची हे विचारायला लोक आले तेव्हा. आणि खरं सांगायचं तर तोवर मलाही पक्कं वाटायला लागलं होतं. गोलात हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळात पाणी भरपूर निघालं. ते सगळ्यांनी शकुन म्हणून धरलं.

मालनबाई मागं भिंतीला टेकून उभी होती. तिचं घर गल्लीच्या शेवटाला, आमच्या मागच्या दारासमोर. तिकडं बौद्धांची घरं आहेत. टँकरचा पाइप तिथवर पोचतो तेव्हा टँकरमध्ये बहुतेक गढूळच राहिलेलं असतं. मालनबाईनं कित्येक वर्षं अंगणवाडी सांभाळली, गावातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली, बंकटसुद्धा. ती सरळ बोलते.

"मी काय खड्ड्याला हात जोडायची न्हाई," ती म्हणाली. "आमच्यात नारळ न्हाई, पण घागर हाय. पाणी आलं की सांगा."

बायका हसल्या. मीही हसले. मग छबुबाई खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली, पाणी आल्यावर घागर कशाला लागतीया, ते जाईल चेअरमनच्या टाकीत, आपण भिंतीवरून आवाज ऐकायचा.

ती गमतीनं म्हणाली असेल. तिचं बोलणं तसंच असतं. पण मला ते लागलं. मी तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं, गोलात सोडलं आणि म्हणाले, "इथं जे पहिलं पाणी येईल ते गल्लीचं. पहिली घागर मालनबाईची. आणि ती भरेपर्यंत मी अन्न घेणार नाही."

माझा आवाज मोठा नाही. म्हणून की काय, मी काही बोलले की लोक ते धरून ठेवतात. मालनबाई भिंतीपासून सरळ उभी राहिली.

तेव्हापासून मी भगर आणि शेंगदाणे खाऊ लागले. एकादशीला खाते तेच, पण एकादशी संपते. यांचा फोन लागेना. छावणीच्या माळावर लागतच नाही. दूध घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर निरोप आला की मागचं दार उघडं ठेवा, गाड्या येतील. गाड्या आल्या. मुरूम आला, मग बारीक खडी आली, मग रोलर. रोलर त्या गोलावरून गेला, खुंटी उपटून बाजूला टाकली. छबुबाई भिंतीवरून म्हणाली, बोअरची गाडी लई जड असती, रुतू नये म्हणून जमीन दाबतेत, गोल काय पुन्हा काढता येतो. तेही पटलं. त्या दिवसांत मला सगळंच पटत होतं. एक गोष्ट खरी मानली की बाकीच्या आपोआप तिच्या मागं येऊन उभ्या राहत होत्या.

मग ट्रक आला. ट्रकवाल्यानं गावात चेअरमनचा पत्ता विचारला तर लोकांनी त्याला छावणीवर पाठवलं. ट्रकात हिरव्यागार गवताच्या मोठमोठ्या गुंडाळ्या. तिथं काय झालं ते बन्सीनं नंतर सांगितलं. बन्सी छावणीत चारा वाटायचं काम करतो. हिरवं बघून दावणीची जनावरं उठून उभी राहिली, लोक धावत आले, चेअरमननी ओला चारा आणला म्हणून. बन्सीनं एका गुंडाळीचं टोक सोडून म्हशीपुढं धरलं. म्हशीनं हुंगलं आणि मान फिरवली. तेव्हा बन्सी ट्रकवाल्याला म्हणाला, "ह्ये कुणाला खाऊ घालायला आणलंय बे?"

त्या ट्रकातूनच हे घरी आले. गुंडाळ्या परसात उतरवल्या. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. गवत होतं, पण मातीचा वास नव्हता. नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा वास होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गवत."

"कशाचं?"

"प्लास्टिकचं. रेवासाठी. बंकटनं तुला सांगितलं न्हाई?"

"नाही."

"मला वाटलं त्यानं सांगितलं." यांनी एक गुंडाळी पायानं सरळ केली. "त्याला वाटलं आसंल मी सांगितलं."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. बंकट पुण्याकडं कारखान्यात नोकरीला आहे. त्याची लेक रेवा शाळेकडून फुटबॉल खेळते. जूनमध्ये राज्याच्या संघाची निवड होती. कडक मैदानावर पडून तिचा गुडघा सुजला होता आणि शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, निवडीपर्यंत टर्फवरच, म्हणजे असल्या गवतावरच, सराव कर, निवडही टर्फवरच आहे. पुण्यात तसल्या मैदानावर तिचा नंबरच लागेना. गावाकडं परस रिकामं पडलंय, तिथंच छोटं मैदान करू, सुट्टीभर पोरगी खेळेल, असं बाप-लेकाचं ठरलं होतं. बंकटच्या ओळखीच्या माणसांनी येऊन मोजमाप केलं. तो मधला गोल म्हणजे चेंडू ठेवायची जागा.

"ह्याला पाणीच लागत न्हाई," हे म्हणाले. "म्हणून तर हो म्हणलो. दुष्काळात दुसरं काय हिरवं ठिवता येतंय?"

"मग बोअर?"

"कसली बोअर?"

मी सांगितलं. हळदीकुंकू, नारळ, पहिली घागर, भगर. हे एका गुंडाळीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला इचारायचं तरी," ते म्हणाले.

"तुम्ही घरी कुठं होता?"

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, जे नव्हतंच त्याचा संकल्प कसला, जेव तू. मी जेवले नाही. मला ते खोटंही वाटत नव्हतं आणि खरंही वाटत नव्हतं. पाणी मी हातातून सोडलं होतं, ते खरंच होतं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात जालिंदरबुवांना विचारलं. बुवा आमच्या गावचे कीर्तनकार, यांच्या बरोबरीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, वहिनी, अंधारात धोंड्याला महादेव समजून माणूस नमस्कार करतो, उजेडात कळतं धोंडा आहे. तो नमस्कार परत येतो का? मी म्हणाले, नाही. मग झालं, बुवा म्हणाले. मी विचारलं, मग माझा संकल्प राहिला का सुटला? बुवांनी बराच वेळ खांबाकडं पाहिलं. म्हणाले, तेच मलाबी कळंना.

माणसांनी गवत अंथरलं. जोड चिकटवले, वरून बारीक वाळू पसरली, ब्रशनं ती पात्यांमध्ये घातली. पांढऱ्या रेघा आता गवतातच होत्या, आणि मधला गोलही. जाळी लावली. परस असं हिरवं झालं की छपरावर चढून लोक बघायचे. ऊन त्याच्यावर पडलं की डोळे दिपायचे. दोन पोपट आले, बसले, आणि काहीतरी चुकल्यासारखे लगेच उडून गेले.

"काकू, पाणी हिरवं निघालं की," छबुबाई भिंतीवरून म्हणाली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण गल्लीत दुसरंच बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, पाणी लागलंय, वरून गवत घालून दाबलंय. एवढ्या उन्हात हिरवं राहतंय ते काय उगीच? कुणी म्हणालं, चेअरमन निवडणुकीला काढणार पाणी. गवत प्लास्टिकचं आहे हे सगळ्यांनी हात लावून पाहिलं होतं. तरी तेच लोक म्हणायचे, खाली ओल असल्याशिवाय हिरवं कसं? मी समजावायला जायचे तर माझी भगर आडवी यायची. बोअर नसती तर काकू उपाशी कशाला राहिल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं. माझा उपास म्हणजे पाणी असल्याचा पुरावा झाला होता. जेवले तर दिलेला शब्द मोडला म्हणतील, न जेवले तर पाणी लपवलं म्हणतील. मला स्वतःलाही रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटायचं, कुणी सांगावं, असेलही खाली.

मालनबाई एकटी सरळ दारातून आली.

"खाली काय हाय?" तिनं विचारलं.

"खडी आणि मुरूम."

"तुमी बघितलं?"

"मी इथंच उभी होते."

"मग झालं की. आता जेवा. तोंड बघा कसं झालंय."

"जेवता येत नाही."

"कावून?"

"तुमची घागर राहिली ना."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पदर सावरून निघून गेली.

मे महिन्यात बंकट रेवाला घेऊन आला. पोरगी उंच झाली होती. परसाच्या दारातच थांबली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग माझ्या गळ्यात पडली, आजोबांच्या पडली, जाळीलाही हात लावून आली. जेवताना माझ्या ताटात भगर बघून म्हणाली, आज्जी, आज काय आहे? आज काही नव्हतं. मी म्हणाले, चालू आहे एक. तिनं बापाकडं पाहिलं, बापानं आजोबांकडं, आजोबांनी ताटाकडं.

ऊन उतरायला लागल्यावर ती चेंडू घेऊन पळत गवतावर गेली आणि तशीच उड्या मारत परत आली.

"आज्जी, तवा आहे हा!"

बूट घालून गेली, तरी थोड्या वेळात बाहेर. पडली तर कातडं भाजेल म्हणाली. बंकटनं हात टेकवून पाहिला आणि झटकन उचलला. मग गवतवाल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, उन्हाळ्यात तापणारच, खेळायच्या आधी पाणी मारायचं.

हे दाराशी बसून ऐकत होते. "तू तर म्हणलतास ह्याला पाणी लागत न्हाई."

"गवताला न्हाई लागत, दादा," बंकट म्हणाला. "खेळायला लागतं."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर बंकटनं आष्टीहून खाजगी टँकर मागवला. टँकर मागच्या गल्लीतून वाजत आला. सरकारी टँकर बरेच दिवस फिरकला नव्हता. आवाज ऐकून घराघरातून बायका घागरी, हंडे, बादल्या घेऊन बाहेर पडल्या आणि टँकरच्या मागं चालत आमच्या दाराशी आल्या. टँकर वळून परसाला लागला तशा थांबल्या. कुणी परत गेलं नाही, कुणी आतही आलं नाही. ड्रायव्हरनं जाड पाइप ओढत आत नेला. बंकट म्हणाला, मधोमध सोड, चारी बाजूला पसरंल.

पाणी बरोबर त्या गोलात पडलं. तापलेल्या गवतातून वाफ आल्यासारखं झालं, रबरासारखा वास सुटला. ती हळद, ते कुंकू, सगळं खाली दाबलेलं होतं, आणि वर पाणी उड्या मारत होतं. हे तेच पाणी आहे का, हे मला कळेना. हे दुसरंच पाणी आहे, असंही म्हणवेना.

मी ओट्यावरून उतरले. पायांत काही नव्हतं. तळवे पोळत होते ते कळत होतं, पण गोलापर्यंत गेले आणि पाइपवर हात ठेवला.

"थांब," मी म्हणाले. मग दाराकडं बघून, "मालनबाई, घागर आणा."

कुणी हललं नाही. बंकट जवळ आला. "आई, अगं हे गवतासाठी हाय. त्यांना सरकारी येतोच की."

"कवा?" दारातून कुणीतरी विचारलं. त्यात चिडणं नव्हतं, नुसतं विचारणं होतं.

"इथलं पहिलं पाणी गल्लीचं," मी बंकटला म्हणाले. "मी बोललेय."

त्यानं यांच्याकडं पाहिलं. हे दारात उभे होते. माझ्याकडं, टँकरकडं, बायकांकडं पाहिलं. मग टोपी खिशात घातली, धोतराचा सोगा खोचला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "पायप खाली धर. घागरी लागू दे."

मालनबाईनं चपला दारात काढल्या. दोन पावलं टाकली आणि पुन्हा घातल्या. तिची घागर गोलात ठेवली. पितळेच्या घागरीत पाणी पडायला लागल्यावर जो आवाज होतो तो मी किती दिवसांनी ऐकला. ती भरली तशी मागची पुढं आली. हळूहळू रांग गवतावर आली, जाळीपर्यंत गेली. पाठमोऱ्या बायका त्या पांढऱ्या रेघांमध्ये हंडे घेऊन उभ्या, हे बघून मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

रेवा चेंडू काखेत घेऊन उभी होती. तिच्याकडं बघायचं मी टाळत होते. निवड तिची, मैदान तिचं, पाणी तिचं. ती थोडा वेळ टँकरकडं बघत राहिली. मग चेंडू गोठ्यात ठेवून आली आणि ड्रायव्हरच्या हातातून पाइपचं तोंड घेतलं.

"मी सकाळी लवकर खेळते, आज्जी," ती म्हणाली. "सकाळी गार असतं."

टँकर रिता झाला. सांडलं तेवढ्यानंच गवत जरा निवलं. बायका लगेच गेल्या नाहीत, तिथंच टेकल्या. छबुबाईनं हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, मऊ हाय की वो, पोरगी पडली तरी लागायचं न्हाई. मग वाद सुरू झाला. छबुबाईचं म्हणणं, पाणी टँकरचं, जमिनीतलं नव्हं, काकूंचा संकल्प काही फिटला न्हाई. दुसरी म्हणाली, टँकरचं पाणी तरी कुठल्या जमिनीतलंच की. यांनी जालिंदरबुवांना बोलावू का विचारलं. मी नको म्हणाले. बुवांना तरी किती अडचणीत घालायचं.

मालनबाई घागर घरी ठेवून परत आली. हातात फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची भाकरी आणि कांद्याची चटणी. माझ्यापुढं धरली.

"खावा."

"हे पाणी त्या जागेचं म्हणायचं का, मालनबाई?"

"ते मला काय इचारता? माझी घागर तिथंच भरली." तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "भरली का न्हाई?"

भरली होती. मी डोळे मिटले, पण देवाला नेमकं काय सांगायचं ते सुचेना. म्हणून नुसतं पाणी आलं एवढंच सांगितलं आणि तुकडा तोंडात घातला. ज्वारीची चव मी विसरले होते. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. छबुबाईसुद्धा. संकल्प फिटला का मोडला, ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी नेहमीसारखी माळ ओढली. परसातून चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. रेवा उजाडायच्या आधीच उठली होती. तांब्या घेऊन बाहेर गेले, तुळशीला पाणी घालायला लागले. निम्मा तांब्या झाला असेल, तेवढ्यात भिंतीवरून छबुबाईचं डोकं वर आलं.

"काकू, आज कवा येतंय पाणी?"

मी तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरला. हात हलवला नाही, मान हलवली नाही. पापणीसुद्धा हलू नये असं बघितलं.

रेवाचा चेंडू तेवढ्यात उडून छबुबाईच्या अंगणात गेला होता. तो परत टाका, म्हणून रेवानं लांबून हात वर केला. पाची बोटं उघडी.

"पाचला? बरं बरं," छबुबाई म्हणाली आणि डोकं खाली घेतलं. तिची हाक गल्लीत पुढं पुढं जाऊ लागली.

रेवानं माझ्याकडं बघून विचारलं, आज्जी, ती काय म्हणाली? तांब्यात अजून पाणी होतं.